मधली खुर्ची

१२ फेब्रुवारी

अहो,

मी तुमच्याशी बोलत नाही. लिहिते आहे. दोन्हींत फरक आहे, आणि तो कळण्याइतकी अक्कल तुमच्यात अजून शिल्लक असेल असं धरून चालते.

नऊ वर्षांत तुम्हाला उद्देशून माझ्याकडून आलेले हे पहिले शब्द, म्हणून हुरळून जाऊ नका. भावजयीला वाचून दाखवू नका. समेटाचं पत्र नाही हे, काम आहे म्हणून लिहिलंय.

तुम्ही गेलात किल्ल्यांवरून. साठी उलटलेला माणूस, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, फ्रिजसमोर उभा राहतो आणि फ्रिजला विचारतो, "या घरात कोणी माझ्या किल्ल्या बघितल्यात का?" फ्रिज काय बोलणार, कप्पाळ! बटाट्यांच्या टोपलीत होत्या. तुम्हीच पिशवी उपडी करताना पाडल्या होत्यात, आणि मी बघत होते. पण विचारलंत फ्रिजला, मग उत्तरही फ्रिजनंच द्यायचं. तुम्ही दार असं आपटलंत की चौकटीवरची बेल खिळ्यासकट खाली आली. ती अजून तशीच आहे. येणारे-जाणारे दारावर थापा मारतात आणि मी हातातलं टाकून धावते.

शेजारी सांगितलंय, दिराची तब्येत बरी नाही म्हणून गेलेत. तुमच्या भावाला उगाच आजारी पाडलंय, तेवढं त्याच्या कानावर घालून ठेवा. कोणी रस्त्यात विचारलं तर खोकायला सांगा.

आता काम. संस्थेचे संचालक परवा आले होते. पाटी बदलली म्हणे. आता 'भारतविद्या संशोधन व भाषाशिक्षण संस्था' असं लिहिलंय, आणि इतकं लांब की पाटी फाटकाच्या बाहेर गेलीय. आपल्याकडे तीन-तीन महिने राहून मराठी शिकणारे विद्यार्थी का थांबले ते सांगितलं. पैसे देणारी समिती म्हणते, घरांचा उपयोग काय ते आधी दाखवा. मग यांनी सगळ्या घरांतून आपलं घर निवडलं. का? तर आपल्याकडचे विद्यार्थी सगळ्यांत फाडफाड बोलतात. वीस मार्चला समिती आपल्याकडे येणार, तुम्हाला-मला आणि मधल्या विद्यार्थ्याला बोलताना बघणार. पसंत पडलं तर पुढच्या सत्रात नवीन विद्यार्थी येईल, नाहीतर योजनाच बंद.

मला घरात माणूस हवंय. तुम्ही नव्हे. तिसरं माणूस. शेवटची विद्यार्थिनी, आपली लांबडी, डिसेंबरात संस्थेच्या वसतिगृहात राहायला गेली, तेव्हापासून जेवणाच्या टेबलावरची मधली खुर्ची रिकामी आहे आणि घरात शब्द फुटत नाही. कूकरसुद्धा शिट्टी देताना बिचकतो.

त्या एका दिवसापुरते या. मग भावाकडे जा, नाहीतर कुठे जायचं तिकडे जा.

कळवा.

मी


१९ फेब्रुवारी

अहो,

आला तुमचा निरोप. जाऊबाईंचा फोन. "वहिनी, दादा म्हणतायत, बघतो म्हणावं."

वा! म्हणजे तिकडे जाऊन बसल्या बसल्या तुम्हाला नवीन विद्यार्थी मिळाला! जाऊबाई तर आधीच मराठी बोलतात, त्यांना काय शिकवणार आहात? मी म्हटलं, दादांना म्हणावं, पत्राला उत्तर पत्रानं देतात. त्या म्हणाल्या, "वहिनी, मला मध्ये घेऊ नका हो." शहाणी आहे बाई. आपल्या लेकीनंही पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, आई, मी तुमचं पोस्ट ऑफिस नाही.

पोस्ट ऑफिस झाली ती परकी पोरं. पहिला नाकतोड्या आठवतो? गुडघे टेबलात मावत नव्हते. जुनी नाणी बघायला आला होता बिचारा. त्याला मराठीत फक्त 'पाणी', 'खोली' आणि 'आभारी आहे' येत होतं. आणि त्याला मध्ये बसवून तुम्ही म्हणालात, "सांग तिला, रोज रोज हेच गिळायचं असेल तर मी खानावळ बघतो." तो माझ्याकडे वळला, घाम पुसला आणि म्हणाला, "काकू, काका, जेवण, आभारी आहे."

खरं सांगू? त्या दिवशी मला हसू आलं होतं. तोंड फिरवून हसले, तुम्हाला दिसू दिलं नाही.

माझ्या लक्षात आलंय ते तुमच्या आलं नसणार, म्हणून सांगते. आपलं घर प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला गोड असायचं. कारण तुमचा कुजकेपणा त्या पोरांना पेलायचाच नाही. तुम्ही विष ओकायचात आणि इकडे पोचायचं 'मीठ कृपया'. मग हळूहळू पोरं तयार व्हायची. दुसऱ्या महिन्यात टोमणा टोमणा म्हणून पोचायचा. तिसऱ्या महिन्यात तर लांबडी तुमचा आवाज काढून सांगायची, वर हातवारे. तोवर आपलं घर नरक झालेलं असायचं आणि संस्था त्या पोरांना पहिला वर्ग द्यायची.

द्यायचीच! सकाळी सहापासून रात्री दिवे मालवेपर्यंत पोरांना बोलावंच लागायचं. दूध, वीजबिल, तुमचं पोट साफ होणं, माझी गुडघेदुखी, सगळं त्यांच्या तोंडून. बाकीच्या घरांतली पोरं खोलीत बसून पुस्तकं वाचायची.

आणि आता विद्वानांची कमाल ऐका. लांबडी आली होती जमिनीच्या जुन्या कागदांवर संशोधन करायला. निबंध लिहिला आपल्या घरावर. कुटुंबातल्या वडीलधाऱ्या जोडप्यात मान राखण्यासाठी थेट न बोलता तिसऱ्यामार्फत बोलण्याची रीत आहे, असं त्यात म्हटलंय म्हणे. मान राखण्यासाठी! तिचं मी समजू शकते, पोर परकी आहे. पण संचालक? हा माणूस आपल्यातला. याच्या आईबापांत कधी अबोला झाला नसेल? याची बायको कधी रुसली नसेल? निबंध वाचून हे गृहस्थ टाळ्या पिटत माझ्या स्वयंपाकघरात आले. "काकू, तुमच्या घरात त्रिकोणी संवादपद्धती आहे! आम्ही इतकी वर्षं शोधत होतो!"

मी म्हटलं, "चहा घेणार का?" दुसरं काय बोलायचं अशा माणसाशी?

त्यांनी पुस्तकं इतकी वाचलीत की आता डोळ्यांनी काही दिसेनासं झालंय. दोन माणसं एकमेकांवर खार खाऊन बसलीत हे आपल्या दूधवाल्याला पहिल्या आठवड्यात कळलं होतं.

बघतो-बिघतो चालणार नाही. येणार की नाही ते लिहा. हात दुखत असतील तर दोनच शब्द.

मी


२ मार्च

अहो,

दोन शब्दही नाहीत. तोंडात मिठाची गुळणी धरणारा माणूस बघितलाय, तुम्ही हातातही धरलीत.

मग मीच लिहिते. तसंही घरात दुसरं काय करायचं? सकाळी चुकून दोन कप चहा टाकला. दुसरा मोरीत ओतला. तुमच्या आठवणीनं नव्हे, सवयीनं.

जाऊबाई आज फोनवर म्हणाल्या, "वहिनी, एवढं झालं तरी काय होतं? दादा तर म्हणतात, त्यांनाही नीट आठवत नाही."

आठवत नाही! ऐकून अंगाची लाही लाही झाली. तुम्हाला आठवत नाही म्हणून माझी नऊ वर्षं पुसली जातात का?

घ्या, आठवण करून देते. नाकतोड्याच्याही आधीचा, आपल्याकडचा अगदी पहिला विद्यार्थी येऊन महिना झाला होता. तो संस्थेत जाऊन असं बोलायला लागला की तिथले मास्तर चाट पडले. हे कुठे शिकलास, तर काकूंकडे. मी त्याला भांडी घासताना शिकवत होते, कपडे वाळत घालताना शिकवत होते. पाठ घेऊन नाही. त्याला विचारायचे, तो चुकायचा, मी हसायचे, तो पुन्हा बोलायचा. मला मजा यायची हो. वीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, त्यात एकदाही अशी मजा आली नव्हती. छापखाना बंद पडल्यावर मला वाटलं होतं, संपलं आता, चूल आणि मूल. आणि मूलही लग्न करून गेलेलं.

तेव्हा हेच संचालक आपल्या घरी आले. मी गच्चीत चादरी वाळत घालत होते. ते बाहेरच्या खोलीत तुमच्यासमोर बसले, आणि म्हणाले, काकूंना आमच्याकडे शिकवायला पाठवाल का? रीतसर नोकरी, सकाळचे चार तास.

आणि तुम्ही म्हणालात, "छे, तिला नाही जमायचं ते. घरातच बरी आहे ती."

झालं. चहाही न घेता गेले ते. मी चादरी घेऊन खाली आले तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात. मी विचारलं, कोण आलं होतं? तुम्ही म्हणालात, "संस्थेचे. असेच."

असेच!

मला कळलं पाच महिन्यांनी, घरं तपासायला येणाऱ्या संस्थेच्या बाईंकडून. "तुम्ही नको म्हणालात ना, म्हणून दुसरी ठेवली," असं त्या सहज बोलून गेल्या. मी नको म्हणाले? मी? मी तर चादरी पिळत होते.

त्या रात्री तुम्हाला विचारलं. तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "त्यात तुला काय विचारायचं?"

मी म्हटलं, "ठीक आहे. मग यापुढे मला काहीही विचारू नका."

बस. एवढंच झालं होतं. जाऊबाईंना सांगा, आणि सांगताना सगळं सांगा, 'असेच' म्हणू नका. मी तेव्हापासून बोलले नाही, आणि तुम्ही इतके आज्ञाधारक निघालात की एवढी एकच गोष्ट आयुष्यात माझी ऐकलीत. एकदाही विचारलं नाहीत. फ्रिजला विचारलंत, भिंतीला विचारलंत, परक्यांच्या पोरांना विचारलंत. मी आजारी पडले तेव्हा माझ्या उशाशी उभं राहून नाकतोड्याला म्हणालात, "विचार तिला, डॉक्टर आणू का." तो बिचारा रडकुंडीला आला होता.

मी वाट बघत होते. एकदा तरी हा माणूस तोंड माझ्याकडे वळवून विचारील. काय विचारील ते महत्त्वाचं नव्हतं. भाजी कुठली आणू विचारलं असतं तरी चाललं असतं. नाही. तुमचा ताठा मोठा. आयुष्यभर साहेबांपुढे वाकून वाकून उरलेला सगळा ताठा घरात आणलात.

येऊ नका. मी संचालकांना सांगते, दिराची तब्येत जास्त झाली.

मी


११ मार्च

अहो,

जाऊबाईंचा फोन आला. "दादा येतो म्हणतायत. नक्की म्हणतायत."

बरं. मग ऐका. निळा शर्ट घाला, चौकटीचा नको, त्यात तुम्ही उशीच्या अभ्र्यासारखे दिसता. टॉवेल आणा, तुमचा मी पायपुसण्याला घेतला. साडेतीनच्या बसनं पोचा, समिती चारला आहे. मधल्या खुर्चीत लांबडी बसणार आहे, संस्थेनं ती त्या दिवसापुरती उसनी दिलीय.

तुम्ही तुमच्या जागी बसायचं, मी माझ्या. नेहमीसारखं बोला. मुद्दाम गोड बोलायला जाल तर त्या पोरीचा गोंधळ होईल, तिला ते कधी ऐकायला मिळालेलं नाही.

बेल नाही. दार उघडंच ठेवीन.

मी


२१ मार्च

अहो,

काल जे झालं ते तुम्ही नेहमीसारखं अर्धंच बघितलंत आणि त्यावरून पूर्ण निष्कर्ष काढून बसलात. म्हणून सगळं लिहिते, माझ्या बाजूनं. मध्ये बोलू नका.

तुम्ही आलात तेव्हा संचालक टेबलाभोवती खुर्च्या सरकवत होते. त्रिकोण हवा होता त्यांना. माझं टेबल चौकोनी आहे हे त्यांना तीनदा सांगितलं. शेवटी टेबलच भिंतीला लावलं आणि मधली खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली, न्हाव्याकडे ठेवतात तशी. लांबडी तिच्यावर बसली आणि तिनं माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मग समिती. एक टक्कल असलेले गृहस्थ, ते आल्यापासून बिस्किटांकडे बघत होते. आणि त्या म्हाताऱ्या प्राध्यापिका, हातात काठी, केस पांढरेशुभ्र. पन्नास वर्षं आपल्या जुन्या पोथ्यांवर काम केलंय म्हणे. त्या मराठी बोलतात सावकाश, पण चूक नाही. त्या आल्या आल्या मला म्हणाल्या, "दमलात का? आम्ही खूप लोक आलो." इतक्या जणांत माझ्याकडे बघून बोललेलं ते एकच माणूस.

मग सुरू झालं. तुम्ही लांबडीला म्हणालात, "सांग तिला, पंखा कमी कर, थंडी वाजतेय." लांबडी माझ्याकडे वळून, "काकू, काका कुडकुडतायत, पंखा कमी करा." मी म्हटलं, "विचार त्यांना, स्वेटर कशाला असतो, अंगात घालायला की पेटीत?" ती तुमच्याकडे वळून अगदी माझ्या ठसक्यात, "काका, काकू विचारतायत, स्वेटर काय पेटीला घातलाय?" टक्कलवाले इतके हसले की बिस्किट घशात गेलं. संचालक उभे राहून दाखवत होते, "बघा, बघा! वाक्य दोनदा घडतं! दोन्ही वेळा वेगळं!" एखाद्यानं बांधलेलं माकड दाखवावं तसं. मला किळस आली. त्यांची कमी, आपली जास्त. आपल्या दोघांचं नऊ वर्षांचं नासलेलं दूध, आणि हे लोक त्याचा वास घेऊन वा वा म्हणत होते.

मग म्हातारबाईंनी लांबडीला विचारलं, "हे सगळं तुला कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "काकूंनी. वर्गात मी वाचायला शिकले. बोलायला इथे." म्हातारबाई संचालकांकडे वळल्या. "मग या बाई तुमच्या संस्थेत का शिकवत नाहीत?"

मी ट्रे घेऊन उभी होते. मला वाटलं, आता सांगतील, नऊ वर्षांपूर्वी विचारलं होतं, त्यांनी नको म्हटलं.

संचालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तुमच्याकडे वळले. तोच माणूस, तीच खोली. "काय काका? पाठवाल का काकूंना?"

मी तुमच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, म्हण आता. म्हण, तिला नाही जमायचं.

लांबडी सवयीनं तुमच्याकडे कान देऊन बसली, निरोप घ्यायला. आणि तुम्ही तिच्यासमोर हात आडवा धरलात. उठलात. तिच्या खुर्चीला वळसा घातलात आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिलात. तुमचा आवाज इतका खरखरीत होता की मी ओळखला नाही.

"तुला जायचंय का गं?"

पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे असं तुम्हाला वाटतंय. संचालक ओरडले, "काका, थेट नको, थेट नको! हिच्यामार्फत!" मी ट्रे टक्कलवाल्यांच्या मांडीवर ठेवला आणि आत गेले.

मी का आत गेले? रागानं? अहो, मी मोरीचा नळ पूर्ण सोडला आणि त्याखाली हात धरून रडले. हुंदके देऊन. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ. त्या विद्वानांसमोर मी रडले असते तर त्याचाही त्यांनी निबंध लिहिला असता.

तोंड पुसून बाहेर आले, तर तुम्ही नाही. बस पकडायला गेलात. लांबडी दारात उभी. म्हणाली, "काकू, काकांनी सांगितलंय, सांग तिला, उत्तर मिळालं."

मी तिच्यावर अशी ओरडले की समिती भिंतीला चिकटली. "कोणी दिलं उत्तर? मी तोंड उघडलं होतं का? त्यांना विचारता येतं, थांबता येत नाही?" पोर म्हणाली, "हे काकांना सांगू का?" मी म्हटलं, "काही सांगू नकोस. आजपासून तू कोणाचं काही सांगायचं नाहीस. जा, अभ्यास कर."

नऊ वर्षांनी एक प्रश्न विचारलात, आणि उत्तराला नऊ मिनिटंही दिली नाहीत. तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही.

थांबा आता. उत्तर देते. मला आधी एक काम करून येऊ द्या.

मी


२ एप्रिल

अहो,

संस्थेची दोन पत्रं एकदम आली. पहिल्यात निकाल. आपलं घर नापास. कारण वाचून दाखवते: 'पाहणीच्या वेळी पती-पत्नीमध्ये थेट संवाद आढळून आला, सबब हे घर पद्धतीस अनुरूप नाही.' हे वाचून मी एकटी घरात इतकी हसले की पोट दुखलं. नवरा-बायको बोलली म्हणून घर रद्द! या लोकांना पगार मिळतो हो याचा.

तेव्हा नवीन विद्यार्थी येणार नाही. मधलं माणूस आता नाही.

दुसरं पत्र म्हातारबाईंच्या आग्रहामुळे आलेलं. मला शिकवायला बोलावलंय, सकाळचे चार तास, तीच नोकरी. आणि पाकिटावर नाव कोणाचं? तुमचं! आत सुरुवात, 'सौभाग्यवती काकूंना पाठवण्याबाबत आपली संमती कळवावी.' म्हातारबाई परत गेल्या त्यांच्या पोथ्यांकडे, आणि हे संचालक पुन्हा आपल्या मूळ पदावर.

मागे म्हटलं होतं ते काम हेच: मी पत्र घेऊन स्वतः गेले. लांब पाटीखालून आत गेले, संचालकांच्या समोरच्या खुर्चीत बसले. ते म्हणाले, "काका नाही आले?" मी म्हटलं, "नाही. मी आलेय. आणि मला शिकवायला यायचं नाही."

ते म्हणाले, "काकांशी बोलून ठरवा ना, घाई नको."

मी म्हटलं, "साहेब, नऊ वर्षं माझ्या घरात अबोला होता. भांडण. तुम्ही त्याचा त्रिकोण केलात. ज्यांना एवढंही ओळखता येत नाही त्यांच्या हाताखाली मी मराठी शिकवू? ज्या पोरांना बोलायला शिकायचं असेल त्यांनी माझ्या दारी यावं, भांडी घासताना शिकवीन. तुमच्या वर्गात नाही." त्यांनी वहीत 'अबोला' लिहून घेतलं, आणि पुढे प्रश्नचिन्ह. देवा!

बाहेर आले तर पायरीवर लांबडी उभी. रविवारपासून दोघं-तिघं येऊ का विचारत होती. मला विचारत होती. मी म्हटलं, ये.

आता तुमचा प्रश्न.

नाही, मला जायचं नाही. म्हणजे तुम्ही नऊ वर्षांपूर्वी जे सांगितलं होतं तेच झालं, असं म्हणून मिशीत हसू नका. तेव्हा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. ओल्या चादरी तशाच टाकून धावत गेले असते. ते तुम्ही बुडवलंत. त्याला माफी नाही, आणि मागायलाही येऊ नका. पण आजचं नाही माझं आहे. मी सांगितलंय, माझ्या तोंडानं.

तुम्ही विचारलंत, मी उत्तर दिलं. त्यापुढे काय करायचं ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नसणार. दोघांनाही सवय गेलीय.

मधली खुर्ची मी गॅलरीत ठेवली, कुंडी ठेवायला. टेबल पुन्हा जागेवर आणलं. तुमच्या किल्ल्या बटाट्यांच्या टोपलीतच आहेत, आत, त्यामुळे बाहेरून त्यांचा तुम्हाला उपयोग नाही. बेल दुरुस्त करणारा काल आला होता. त्याला परत पाठवलं.

दार आता आतून लावलेलं असतं. तुम्ही आलात तर हाक मारावी लागेल. 'कोणी आहे का घरात' असं दाराला विचारत उभे राहिलात तर संध्याकाळपर्यंत उभे राहाल. 'अगं' म्हणूनही चालणार नाही.

नाव आहे मला. विसरला नसाल.